विधान परिषद कुणासाठी? बंद पाकिटातले गायक आणि मागच्या दाराने गेलेले आमदार

एप्रिल २०२५. चार-सहा दिवसांत भीमजयंती आहे. वस्तीवस्तीत मंडप उभे राहत आहेत, वर्गणीच्या पावत्या फाटत आहेत, निळ्या पताका लागत आहेत. १४ तारखेला सकाळी पहिला स्पीकर सुरू होईल तेव्हा त्यातून जो आवाज येईल तो बहुतेक ठिकाणी आनंद शिंदे यांचाच असेल. वडील प्रल्हाद शिंदे, भाऊ मिलिंद शिंदे, पुढची पिढी आदर्श शिंदे. या एका घराण्याने बाबासाहेबांना महाराष्ट्राच्या घराघरात जितके नेले तितके कदाचित आपल्या सगळ्या पक्षांनी आणि गटांनी मिळूनही नेले नसेल. जयंतीच्या स्टेजवर हार घालायला येणारे सगळ्या पक्षांचे पुढारी याच गाण्यांवर टाळ्या वाजवतात, फोटो काढून घेतात.

याच आनंद शिंदे यांचे नाव नोव्हेंबर २०२० मध्ये एका सीलबंद पाकिटात घातले गेले होते. राज्यपालनियुक्त आमदारांच्या बारा नावांचे ते पाकीट. तत्कालीन महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाने शिफारस केली आणि पाकीट राजभवनावर गेले. त्या पाकिटाचे पुढे काय झाले हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जे झाले ते सांगितले की विधान परिषद आज कुणाच्या उपयोगाची उरली आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

यादीत नावे बारा. काँग्रेस, राष्ट्रवादी आणि शिवसेनेने प्रत्येकी चार दिली. त्या काळात वृत्तपत्रांत छापून आलेल्या नावांप्रमाणे काँग्रेसकडून रजनी पाटील, सचिन सावंत, मुझफ्फर हुसेन आणि अनिरुद्ध वनकर. राष्ट्रवादीकडून एकनाथ खडसे, राजू शेट्टी, यशपाल भिंगे आणि आनंद शिंदे. शिवसेनेकडून उर्मिला मातोंडकर, नितीन बानुगडे पाटील, विजय करंजकर आणि चंद्रकांत रघुवंशी. अनिरुद्ध वनकर हे चंद्रपूरकडचे आंबेडकरी प्रबोधनकार गायक, विदर्भातल्या माणसाला त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. प्रा. भिंगे यांनी २०१९ ला वंचित बहुजन आघाडीकडून नांदेड लोकसभा लढवली होती. म्हणजे पहिल्यांदाच असे दिसत होते की परिषदेत एकाच वेळी आपल्या चळवळीचे दोन गायक बसणार. आम्ही काही मित्र त्या आठवड्यात खुशीत होतो, हे कबूल करतो.

तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्या यादीवर सही केली नाही. यादी परतही पाठवली नाही. होय नाही, नाहीही नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले की शिफारस स्वीकारणे किंवा परत पाठवणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे आणि ते वाजवी मुदतीत व्हायला हवे, आठ महिने हा पुरेसा काळ आहे. त्यानंतरही पाकीट होते तिथेच राहिले. २०२२ च्या जूनमध्ये सरकार फुटले, नवे सरकार आले आणि सप्टेंबर २०२२ पर्यंत त्याने जुनी यादी मागे घेऊन टाकली. यादी मागे घेतल्याविरुद्ध पुन्हा न्यायालयीन लढाई झाली. ७ ऑक्टोबर २०२४ ला उच्च न्यायालयाने निकाल राखून ठेवला आणि आठवडाभरात, १५ ऑक्टोबरला, विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, आचारसंहिता लागण्याच्या काही तास आधी, सात नव्या आमदारांचा शपथविधी उरकला गेला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. बाकीच्या पाच जागा हे लिहीत असताना रिकाम्याच आहेत.

जून २०२० मध्ये आधीच्या बारा जणांची मुदत संपली, तेव्हापासून मोजा. सव्वाचार वर्षे बाराच्या बारा जागा रिकाम्या. महाराष्ट्राचे काही अडले का? कुणी बंद पुकारला का? नाही. यातूनच या जागांची किंमत राज्यकर्त्यांच्या लेखी काय आहे ते कळते.

आता खरी गोष्ट पाहा. पाकिटातल्या बारा जणांचे पुढे काय झाले? रजनी पाटील सप्टेंबर २०२१ मध्ये राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. एकनाथ खडसे जून २०२२ मध्ये आमदारांच्या मतांवर विधान परिषदेत आले. चंद्रकांत रघुवंशी यांनी पुढे शिंदे गट गाठला आणि मार्च २०२५ मध्ये तेही विधान परिषदेत बिनविरोध आले. एक दार बंद झाले तर त्यांच्यासाठी दुसरे उघडले, कारण ते पक्षाचे पुढारी आहेत. या तिघांविषयी माझी वैयक्तिक तक्रार नाही. पण आनंद शिंदे यांच्यासाठी दुसरे दार कोणते होते? अनिरुद्ध वनकर यांना कोणत्या पक्षाने नंतर बोलावून सांगितले की त्या वेळी राहिले, आता आमच्या आमदारांच्या मतांवर या? कुणीच नाही. कलावंताचे नाव यादीला शोभा यावी, यादीत एखादे दलित नाव दिसावे म्हणून घातले होते. यादी गेली आणि त्याबरोबर तेही गेले. पुढाऱ्यांची सोय मात्र त्याच पक्षांनी लावली.

संविधानाचे कलम १७१ काढून वाचा. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा. त्यातल्या ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपाल नेमतात. सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त. हे सभागृह कधी विसर्जित होत नाही. त्यामुळे इथे सदस्य सतत बदलत असतात आणि वर्षाआड कुठली ना कुठली निवडणूक किंवा नेमणूक चालूच असते. राज्यपालनियुक्त बारांसाठी संविधानाने पाच क्षेत्रे लिहून ठेवली आहेत: साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा. त्यांचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेली माणसे. ज्यांच्यामागे साखर कारखाना नाही, दूध संघ नाही, ज्यांना बूथ लावता येत नाही, पण ज्यांच्या बोलण्याची सभागृहाला गरज आहे अशांसाठी हे दार होते. ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर यांच्यासारखे कवी याच दाराने आत गेले.

ऑक्टोबर २०२४ चे सात जण पाहा. चित्रा वाघ, विक्रांत पाटील, पोहरादेवीचे बाबूसिंग महाराज राठोड, मनीषा कायंदे, हेमंत पाटील, पंकज भुजबळ, इद्रिस नाईकवडी. कुणी पक्षाच्या महिला आघाडीच्या प्रमुख, कुणी माजी खासदार, कुणी माजी आमदार आणि मंत्र्याचे चिरंजीव, कुणी माजी महापौर, कुणी याच परिषदेतून मुदत संपून नुकत्याच बाहेर पडलेल्या. यातले कुणी साहित्यिक म्हणून, शास्त्रज्ञ म्हणून किंवा कलावंत म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे का? आंबेडकरी चळवळीतून आलेले एक तरी नाव आहे का? उरते ती समाजसेवा. राजकारण हीच समाजसेवा असा अर्थ एकदा लावला की संविधानाने लिहिलेली पाचही क्षेत्रे पुसून टाकता येतात. आणि हा अर्थ एकट्या महायुतीने लावलेला नाही. २०२० च्या यादीत पाच-सात पुढारी होतेच. २०१४ ला आघाडी सरकारने नेमलेल्यांतही पक्षाचे लोकच भरले होते. त्यातले एक आज विधानसभेचे अध्यक्ष आहेत, दुसऱ्याच पक्षातून. त्याच खेपेला प्रा. जोगेंद्र कवाडे सरांनाही संधी मिळाली होती, हेही नोंदवतो. पण एखादा कवाडे सर आत जातो तो त्या वेळच्या आघाडीच्या हिशेबात बसतो म्हणून. आपला तो हक्क आहे असे कुणी मानत नाही.

इथे बऱ्याच कार्यकर्त्यांना माहीत नसलेली गोष्ट सांगतो. मी शिबिरांत विचारतो, दहातले आठ जण चुकीचे उत्तर देतात. विधान परिषदेत अनुसूचित जाती-जमातींसाठी किती जागा राखीव? उत्तर आहे, शून्य. कलम ३३० लोकसभेसाठी, कलम ३३२ विधानसभेसाठी. राज्यसभा आणि विधान परिषद यांना राजकीय आरक्षण लागू नाही. २०२३ मध्ये महिलांसाठी १०६ वी घटनादुरुस्ती झाली, तीही लोकसभा आणि विधानसभांपुरतीच. विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. हेच प्रमाण ७८ ला लावले तर परिषदेत साधारण आठ दलित आणि सात आदिवासी सदस्य हवेत. आजच्या नियमाने एकही नसला तरी संविधानाचा भंग होत नाही. म्हणजे विधिमंडळाच्या एका मजल्यावर आरक्षण आहे आणि दुसऱ्या मजल्यावर आपण पूर्णपणे पक्षश्रेष्ठींच्या मर्जीवर आहोत.

ती मर्जी किती टिकाऊ असते हे २० जून २०२२ ला दिसले. आमदारांतून दहा जागा भरायच्या होत्या, उमेदवार अकरा. कुणीतरी एक पडणार हे ठरलेलेच होते. मतदान झालेले आमदार २८५, निवडून यायला पहिल्या पसंतीची साधारण २६ मते लागणार. काँग्रेसचे आमदार ४४, उमेदवार दोन: चंद्रकांत हंडोरे आणि भाई जगताप. दोघांना मिळून ५२ लागत होती, म्हणजे आठ मते बाहेरून आणायची होती. धोका दुसऱ्या उमेदवाराला होता. पक्षाने हंडोरे यांना पहिल्या क्रमांकाचे उमेदवार ठरवले होते. हंडोरे म्हणजे मुंबईचे माजी महापौर, राज्याचे माजी सामाजिक न्याय मंत्री, चेंबूरच्या वस्त्यांतून वर आलेला आंबेडकरी कार्यकर्ता. निकाल लागला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचे जगताप निवडून आले आणि पहिल्या क्रमांकाचे हंडोरे पडले. अकरा उमेदवारांत पडलेला एकच, तो हा.

स्वतःच्या पक्षाची मते फुटल्याशिवाय हे होत नाही. कुणाची फुटली? सांगता येणार नाही, कारण राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, विधान परिषदेचे मतदान मात्र गुप्त असते. म्हणजे दलित उमेदवाराला पाडायचे, त्याचा फायदा घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच सांत्वनाला जायचे, हे सगळे कायद्याच्या चौकटीत करता येते. त्या सभागृहात राखीव मतदारसंघांतून निवडून आलेले २९ आमदारही बसले होते. त्यांनी काय केले हेही आपल्याला कधी कळणार नाही. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतला निघाले आणि पुढचे दहा दिवस महाराष्ट्राने दुसरे काही पाहिले नाही. हंडोरे यांचा पराभव बातम्यांच्या ढिगाऱ्याखाली गेला. पक्षाने चौकशीचे बोलून दाखवले, त्याचे पुढे काय झाले ते पक्षालाच माहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना राज्यसभेवर बिनविरोध पाठवले गेले, हे खरे. पण दीड-पावणेदोन वर्षांनी केलेल्या भरपाईने आधीचा घाव झाला नव्हता असे ठरत नाही.

पुणे करार आठवा. बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ का हवा होता? कारण राखीव जागेवरही आपला माणूस निवडणारे हात दुसऱ्यांचे असतील तर तो त्यांचाच होऊन बसतो, हे त्यांना १९३२ मध्ये दिसत होते. विधान परिषदेत तर राखीव जागाही नाही. तिथे उमेदवारी देणारे दुसरे, मत देणारे दुसरे, आणि फुटणारेही दुसरे.

तेच चित्र १२ जुलै २०२४ ला वेगळ्या माणसाबाबत दिसले. जागा अकरा, उमेदवार बारा, आणि पडलेला एक: शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील. या पद्धतीत छोट्या पक्षाचा किंवा वंचित समाजाचा माणूस नेहमी शेवटच्या खुर्चीवर बसवलेला असतो, आणि काढली जाते ती तीच खुर्ची.

मार्च २०२५ ची पोटनिवडणूक तर कुणी पाहिलीच नाही, कारण मतदानच झाले नाही. परिषदेतले पाच सदस्य नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेवर निवडून गेले: प्रवीण दटके, रमेश कराड, गोपीचंद पडळकर, आमश्या पाडवी आणि राजेश विटेकर. त्यांच्या जागी आले संदीप जोशी, संजय केनेकर, दादाराव केचे, चंद्रकांत रघुवंशी आणि संजय खोडके. आर्वीत विधानसभेचे तिकीट कापले म्हणून केचे यांना इथे घेतले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खोडके यांच्या पत्नी अमरावतीच्या आमदार आहेतच. पण मला थांबावेसे वाटते ते नंदुरबारपाशी. आमश्या पाडवी हे अक्कलकुव्याचे आदिवासी कार्यकर्ते, २०२२ ला परिषदेत आले होते. ते विधानसभेत गेले आणि त्यांच्या पक्षाच्या वाट्याची रिकामी जागा त्याच जिल्ह्यातल्या, पण आदिवासी नसलेल्या पुढाऱ्याला मिळाली. कुणी कुजबुजलेसुद्धा नाही. विधानसभेच्या राखीव मतदारसंघात असे करून पाहा, उमेदवारी अर्ज छाननीतच बाद होईल.

उरलेल्या जागांविषयी थोडक्यात. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे हे लाड कशासाठी, हा प्रश्न १९५० मध्येही होता. पदवी कुणाकडे होती तेव्हा? शिक्षक मतदारसंघात तर माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या पोराला अक्षर शिकवणारा गुरुजी संविधानाच्या या कलमात शिक्षक धरला जात नाही, आणि आपल्या समाजातले किती शिक्षक त्या शाळांत आहेत ते वेगळे सांगायला नको.

स्थानिक संस्थांच्या जागांची गोष्ट याहून वाईट आहे. ग्रामपंचायती सोडल्या तरी महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद इथे आपले आरक्षण आहे, निम्म्या महिला आहेत. म्हणजे परिषदेचा हा एकच मतदारवर्ग असा आहे की ज्यात दलित, आदिवासी, ओबीसी आणि महिला मतदार म्हणून कायद्याने हजर असतात. नेमका तोच वर्ग आज अस्तित्वात नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, राज्यभरातल्या महापालिकांवर प्रशासक बसले आहेत. मतदारच नसल्यामुळे पुणे, ठाणे, सोलापूर, नांदेड अशा अनेक स्थानिक मतदारसंघांतल्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. परिषदेच्या सभापतीची खुर्चीसुद्धा जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ अशी जवळजवळ अडीच वर्षे रिकामी ठेवली गेली, तिथे या जागांची काय कथा!

मग काही मित्र म्हणतात, असले सभागृह बरखास्तच करा की. तमिळनाडूने १९८६ मध्ये केले, पश्चिम बंगालने त्याआधीच केले. कलम १६९ मध्ये तशी तरतूद आहे, विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा आणि संसदेने कायदा. खुद्द बाबासाहेबांनाही राज्यातल्या दुसऱ्या सभागृहाचे फार प्रेम नव्हते. संविधान सभेत त्यांनी त्याला एक प्रयोग म्हटले होते आणि तो मोडीत काढायची वाट ठेवली असल्याचेही सांगितले होते. त्यामुळे बरखास्तीची भाषा करणाऱ्यांना मी लगेच मूर्खात काढणार नाही.

पण थोडा इतिहास पाहू. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला, आणि चवदार तळ्याच्या संघर्षाला कायदेशीर पाया मिळाला. १९२६ च्या अखेरीस बाबासाहेबांची त्याच मंडळावर नेमणूक झाली. निवडून नव्हे, सरकारनियुक्त सदस्य म्हणून. त्यांच्यासोबत डॉ. पी. जी. सोळंकी होते. पुढच्या काही महिन्यांतच, २० मार्च १९२७ ला, महाडला काय झाले ते जगाला माहीत आहे. १९२८ मध्ये याच नियुक्त सदस्याने महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध विधेयक मांडले, गिरणी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाजूने भाषण केले. मते नसलेला माणूस सभागृहात नुसता उभा राहिला तरी काय करू शकतो, याचा हा पुरावा. पुढे स्वतंत्र महाराष्ट्राच्या परिषदेत रा. सु. गवई तीस वर्षे होते, उपसभापती झाले, १९७८ मध्ये सभापती झाले, विरोधी पक्षनेते झाले. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे या परिषदेचेच सभापती होते. सभागृह कामाचे असू शकते.

आणि तरीही बाबासाहेबांनी स्वतः नियुक्त सदस्य असताना, १९२८ मध्ये, सायमन कमिशनपुढे काय मागितले? नामनिर्देशन नको, निवडणूक हवी. नेमलेला माणूस नेमणाऱ्याचा मिंधा होतो, ही त्यांची भूमिका होती. ज्याला नेमले होते तोच हे सांगत होता. आज आपले पुढारी नेमके उलटे करतात.

आपल्या घरातल्या गोष्टीकडे येतो, कारण फक्त दुसऱ्यांना शिव्या घालून भागणार नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही पाच जण एका ज्येष्ठ कार्यकर्त्याची फाईल घेऊन मुंबईला गेलो होतो. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेला माणूस, तीन पुस्तके लिहिलेली, भटक्यांच्या पालांवर शाळा चालवलेली. संविधानातल्या पाचांपैकी दोन क्षेत्रे तरी त्याची. एका मोठ्या नेत्याच्या बंगल्याबाहेर चार तास बसलो. शेवटी त्यांच्या पीएने फाईल न उघडता विचारले, "यांच्यामागे मतं किती?" आमच्यापैकी कुणालाच उत्तर सुचले नाही. ज्यांच्यामागे मते नाहीत त्यांच्यासाठीच या जागा आहेत, हे वाक्य मला गाडी कर्जत ओलांडून गेल्यावर सुचले. त्या दादांनी परतीच्या प्रवासात आमची समजूत काढली. पुढे त्यांना एका महामंडळाचे आश्वासन मिळाले, तेही आले नाही. आता ते हयात नाहीत.

गट कोणताही घ्या, आपली सगळी वाटाघाट एका आमदारकीपाशी येऊन थांबते. एक विधान परिषद द्या, एक महामंडळ द्या. जून २०१९ मध्ये अविनाश महातेकर यांना राज्यमंत्री केले गेले. दलित पँथरच्या काळापासूनचा माणूस. ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते, नियमाप्रमाणे सहा महिन्यांत आमदार व्हायला हवे होते. त्यांना परिषदेत कुणी घेतले नाही, आणि सहा महिने पुरे व्हायच्या आत ते सरकारच गेले. निवडणुकीच्या तोंडावर चार-पाच महिन्यांचे मंत्रिपद, निळा झेंडा प्रचारात वापरायला मोकळा. ऑक्टोबर २०२४ च्या सात नेमणुकांत महायुतीतल्या रिपब्लिकन पक्षाला एकही जागा मिळाली नाही, तरी युती तशीच राहिली. मग पुढच्या वेळी तरी कुणी कशाला देईल? जो कधी उठून जात नाही त्याला पंगतीत शेवटी वाढतात.

म्हणून मागायचेच असेल तर एक आमदारकी मागणे सोडून द्या. कलम १७१ चा दुसरा उपखंड नीट वाचा. परिषदेची आजची रचना ही संसद कायद्याने वेगळी तरतूद करेपर्यंतच आहे, असे तिथे लिहिले आहे. रचना बदलण्याचा अधिकार संसदेला साध्या कायद्याने आहे. मग आमदारांतून निवडायच्या ३० आणि स्थानिक संस्थांच्या २२ जागांत अनुसूचित जाती-जमातींचा वाटा ठरवा, अशी मागणी आपल्या एकाही खासदाराने आजवर लावून का धरली नाही? खासगी विधेयक मांडायला कुणाच्या बंगल्याबाहेर बसावे लागत नाही. परिषदेच्या मतदानातही राज्यसभेसारखी मतपत्रिका पक्षाला दाखवण्याची सक्ती करा, म्हणजे पुढच्या हंडोरेंना कुणी पाडले ते निदान कळेल. गुप्त मतदानाचे संरक्षण सामान्य मतदाराला हवे, पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदाराला कशाला? आणि हे होणार नसेल तर कलम १६९ आहेच. राखीव जागा नाही, कलावंताला जागा नाही, प्राथमिक शिक्षकाला मत नाही, तर त्या सभागृहाच्या भिंती आपण का सांभाळायच्या?

तोवर हाताशी असलेले काम करू. पाच नियुक्त जागा रिकाम्या आहेत, त्या एखाद्या संध्याकाळी गुपचूप भरल्या जातील. त्याआधी माहिती अधिकारात राज्यपालांचे सचिवालय आणि संसदीय कार्य विभाग, दोन्हीकडे अर्ज टाकायचे आहेत. प्रश्न तीनच: ऑक्टोबर २०२४ च्या सात नावांपुढे साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांपैकी कोणते क्षेत्र लिहिले होते, त्या क्षेत्रातल्या अनुभवाचा कोणता कागद जोडला होता, आणि २०२० च्या यादीतल्या बारा नावांपुढे काय लिहिले होते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. मसुदा मी तयार केला आहे. ज्यांना आपल्या तालुक्यातून अर्ज टाकायचा आहे त्यांनी कळवा, जयंतीच्या मंडपातच सह्या घेऊ.